घरच्या मेल सर्व्हरवर एकाचा मेल दुसऱ्याकडे जातो किंवा पोचतच नाही, तेव्हा

सोसायटीच्या सभेची नोटीस बाबांना कधी येते, कधी येत नाही. वहिनीचे ऑफिसातले काही मेल पोचतात, काही गायब होतात. आईच्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आजीच्या इनबॉक्समध्ये उघडतो. आणि महिन्या-दीड महिन्याने दादा दारात उभा राहून विचारतो, "अगं, तुझा सर्व्हर चालू आहे ना?"

सर्व्हर चालूच असतो, आणि म्हणूनच हा बिघाड छळतो. साफ बंद पडलेली वस्तू दुरुस्त करणं सोपं. दहातले आठ मेल बिनचूक देणारी यंत्रणा उरलेल्या दोनांचं काय करते, हे कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं. तुमचं तेवढं वर्ष वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

आमची मांडणी आधी सांगते. घरासाठी एक डोमेन घेतलं आहे आणि त्यावर प्रत्येकाचा वेगळा पत्ता आहे. पण घरगुती इंटरनेटला बहुधा स्वतःचा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येणारा पत्ता) मिळत नाही आणि मेल ज्यातून येतात तो २५ क्रमांकाचा पोर्टही अनेक ठिकाणी बंद असतो, त्यामुळे मेल थेट घरी उतरत नाहीत. डोमेनचे सगळे मेल होस्टिंगवाल्याकडच्या एकाच सामाईक मेलबॉक्समध्ये पडतात. टीव्हीखालच्या कपाटात रास्पबेरी पाय नावाचा एक छोटासा संगणक आहे. त्यावरचा फेचमेल दर पाच मिनिटांनी तिथून मेल ओढून आणतो, पोस्टफिक्सकडे सोपवतो, आणि डोव्हकॉटमधून ते प्रत्येकाच्या फोनवर दिसतात. घरी सर्व्हर चालवणाऱ्या बऱ्याच जणांची मांडणी थोड्याफार फरकाने अशीच असते.

मजकूर उघडू नका, लॉग उघडा

"मेल आला नाही" ही तक्रार आली की मी दोनच गोष्टी विचारते: कुणाकडून यायचा होता आणि साधारण किती वाजता पाठवला. विषय विचारत नाही. घरातल्या माणसाचा मेल शोधायला त्यातलं काहीही वाचावं लागत नाही, आणि सर्व्हर आपल्या हातात आहे म्हणून दुसऱ्याचं पत्र फोडायचा हक्क मिळत नाही. पोस्टफिक्सही तसंच वागतो. त्याच्या लॉगमध्ये पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, घेणाऱ्याचा असतो, मेसेज-आयडी असतो, आकार असतो. विषयाची ओळ आपण मुद्दाम मागितल्याशिवाय तो लिहीत नाही.

डेबियन या लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीपासून एक गोंधळ होतो. नव्याने बसवलेल्या मशीनवर नेहमीच्या जागी मेल लॉगची फाईलच नसते, कारण नोंदी सिस्टिमच्या जर्नलमध्ये जातात. फाईल सापडली नाही म्हणून लॉगिंग बंद आहे असं समजू नका, जर्नलमध्ये पोस्टफिक्सच्या नावाने शोधा.

ओळीचा सांगाडा ठरलेला असतो. तारीख-वेळ, पोस्टफिक्सच्या कोणत्या भागाने ती लिहिली ते, मग अक्षरं-आकड्यांचा क्यू आयडी (रांगेतल्या त्या मेलचा ओळखक्रमांक), आणि पुढे 'टू', 'रिले', 'डिले', 'स्टेटस'. आधी पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरून क्यू आयडी शोधायचा, मग त्या आयडीच्या सगळ्या ओळी काढायच्या. एका मेलच्या चार-पाच ओळी निघतात, आणि तो घरात आल्यापासून कुठे कुठे गेला ते त्यात दिसतं.

पुढची दिशा शेवटच्या ओळीवर ठरते. स्टेटस 'सेंट' आहे आणि 'टू'मध्ये भलत्याच माणसाचं नाव आहे, तर वाटणी चुकते आहे. 'सेंट' आहे आणि नावही बरोबर आहे, तर मेल त्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये नक्की पडलेला आहे. तो स्पॅममध्ये असेल, एखाद्या नियमाने हलला असेल किंवा फोनने दाखवला नसेल. 'डिफर्ड' असेल तर तो रांगेत थांबलाय, घाबरू नका. पोस्टफिक्स मुळात पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. आणि एकही ओळ नसेल, तर तो मेल आपल्या मशीनवर आलेलाच नाही. हा शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा आहे, त्याकडे पुढे येते.

वाटणी का चुकते: पाकीट आणि मायना

वाड्यात पत्रं यायची तेव्हाची गोष्ट घ्या. पोस्टमन दारातल्या बिऱ्हाडाकडे सगळा गठ्ठा देऊन जायचा आणि तिथून वाटप व्हायचं. समजा, त्या बिऱ्हाडातल्या कुणी आधी सगळी पाकिटं फोडून फेकून दिली आणि आतले मायने वाचून पत्रं वाटायला घेतली. 'ती. बाबांस सा. न. वि. वि.' हे पत्र कुणाच्या बाबांचं? मायन्यात नाव नसेल तर द्यायचं कुणाला?

मेलचंही तसंच आहे. आपल्याला दिसणारी 'टू'ची ओळ हा मायना असतो. खरं पाकीट वेगळं. जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहिलेल्या आरएफसी ८२१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारा दस्तऐवज) पासून ही पद्धत आहे. एक सर्व्हर दुसऱ्याला आधी सांगतो की हे कुणाकडून, मग सांगतो की हे कुणासाठी, आणि त्यानंतर मजकूर देतो. पोचवायचं ते या 'कुणासाठी'वरून. आतल्या 'टू'मध्ये काहीही लिहिलेलं असलं तरी चालतं. बीसीसी चालते ती याच जोरावर. पाकिटावर नाव असतं, मायन्यात नसतं.

होस्टिंगवाल्याच्या सर्व्हरने मेल सामाईक मेलबॉक्समध्ये टाकला की पाकिटाचं काम त्याच्यापुरतं संपतं. आपण तो पॉप३ ने ओढतो, आणि १९९६ च्या आरएफसी १९३९ मधल्या या पद्धतीत पाकिटाला जागाच नाही, नुसतं पत्र हातात येतं. मग फेचमेल अंदाज बांधतो. तो 'रिसीव्ह्ड' ओळींमध्ये 'फॉर अमुक' असं काही सापडतं का पाहतो. नाही सापडलं तर 'टू' आणि 'सीसी' बघतो. तिथेही घरातलं कुणी नसेल तर मेल पोस्टमास्टर ठरवलेल्या खात्यात टाकतो. आमच्याकडे ते खातं कुणी वाचतच नव्हतं.

आता सोसायटीच्या नोटिशीचं कोडं. सेक्रेटरी सगळ्यांना बीसीसीत घालून पाठवतात, म्हणजे 'टू'मध्ये सोसायटीचाच पत्ता. मग काही नोटिसा बाबांना नीट कशा मिळाल्या? मी मिळालेल्या आणि हरवलेल्या नोटिशींचे हेडर, म्हणजे मजकुराच्या वरच्या तांत्रिक ओळी, शेजारी शेजारी लावून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. सर्व्हर 'रिसीव्ह्ड'मध्ये 'फॉर' लिहितो तो साधारणपणे एकच घेणारा असेल तेव्हाच. एकाच खेपेत दोन घेणारे असले तर पोस्टफिक्स ते नाव लिहीत नाही, नाहीतर एकाची बीसीसी दुसऱ्याला कळेल. फक्त बाबांना आलेल्या नोटिशीत 'फॉर' होता, म्हणून ती बाबांकडे गेली. सेक्रेटरींनी दादाचाही पत्ता यादीत घेतला त्या दिवसापासून आमच्या डोमेनवर एकाच खेपेत दोन घेणारे झाले, 'फॉर' गेला, आणि नोटिसा पोस्टमास्टरच्या अंधारात जायला लागल्या. अधूनमधून यादीतून दादाचं नाव सुटायचं, तेव्हा बाबांना पुन्हा मिळायच्या. मी मात्र इतके दिवस बाबांच्या फोनचं सेटिंग तपासत बसले होते.

उपाय असा. सामाईक मेलबॉक्समधला एक मेल होस्टिंगच्या वेबमेलमध्ये उघडा आणि पूर्ण हेडर पाहा. तुमचा होस्टिंगवाला पाकिटावरचं नाव कुठे जपून ठेवतो का, एवढंच शोधायचं आहे. बहुतेक ठिकाणी 'डिलिव्हर्ड-टू', 'एक्स-ओरिजिनल-टू' किंवा 'एक्स-एन्व्हलप-टू' अशी ओळ सापडते. इथे घाई करू नका. मी 'डिलिव्हर्ड-टू' दिसल्याबरोबर तीच लावली, तर सगळ्यांचे मेल एकाच जागी जायला लागले. कारण तिथे 'डिलिव्हर्ड-टू'मध्ये शेवटच्या, म्हणजे सामाईक मेलबॉक्सचं नाव होतं, आणि खरा पत्ता 'एक्स-ओरिजिनल-टू'मध्ये होता. दोन वेगवेगळ्या माणसांचे मेल घ्या आणि कोणत्या ओळीतला पत्ता बदलतो ते बघा. बदलते ती ओळ आपल्या कामाची.

ती ओळ फेचमेलच्या 'एन्व्हलप' या पर्यायात द्यायची. काही होस्टिंगवाले पत्त्याच्या आधी स्वतःचा एक शब्द आणि आडवी रेघ जोडतात, तो भाग 'क्यूव्हर्च्युअल' या पर्यायाने काढून टाकता येतो. एकाच नावाची ओळ दोनदा येत असेल तर पहिल्या किती सोडायच्या तो आकडाही 'एन्व्हलप'मध्येच देता येतो. हे बदल करताना 'कीप' चालू ठेवा, म्हणजे ओढलेला मेल होस्टिंगच्या सर्व्हरवरही राहील आणि प्रयोग फसला तरी कुणाचं काही जाणार नाही. पॉप३ असेल तर सोबत 'यूआयडीएल'ही लावा, नाहीतर तेच मेल दर पाच मिनिटांनी परत येत राहतील. आणि पोस्टमास्टरचं खातं स्वतःच्या फोनवर जोडून घ्या. तिथे मेल दिसायला लागले, तर वाटणी अजून कुठेतरी चुकते आहे.

तपासणी बाहेरच्या खात्यावरूनच करा. घरातल्या दोघांना एकाच मेलमध्ये बीसीसी करा आणि 'टू'मध्ये स्वतःचा बाहेरचा पत्ता टाका. दोघांनाही प्रत्येकी एक प्रत मिळाली तर जमलं. नुसता एकेकाला साधा मेल पाठवून पाहिलं तर काहीच कळत नाही, तो आधीही नीटच जात होता.

अशी एकही ओळ तुमच्या होस्टिंगवर नसेल तर अंदाजाचे नियम रचत बसू नका. प्रत्येकासाठी तिथेच वेगळा मेलबॉक्स उघडा आणि फेचमेलला ते वेगवेगळे ओढायला सांगा. माझं स्पष्ट मत आहे की परवडत असेल तर पहिल्या दिवसापासून हेच करावं. सामाईक मेलबॉक्स स्वस्त पडतो, पण त्याची किंमत घरातल्या माणसांच्या विश्वासात मोजावी लागते.

लॉगमध्ये ओळच नाही

वाटणी सुधारली तरी वहिनीची तक्रार राहिलीच. तिचे काही मेल लॉगमध्येच नव्हते. ऑफिसवाले म्हणायचे पाठवले, आणि मेल परतही जात नव्हता. मी होस्टिंगवाल्याला तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा उत्तर आलं की त्यांच्या सर्व्हरने मेल मेलबॉक्समध्ये टाकला आहे. ते खरं बोलत होते.

एका रविवारी मी फेचमेल पूर्ण बंद केला, बाहेरून एक मेल पाठवला आणि वेबमेल उघडून समोर बसले. मेल आला. चार मिनिटांनी पान ताजं केलं तर मेल नव्हता. घरातला फेचमेल बंद आणि तरी कुणीतरी तो ओढून नेला होता.

माळ्यावर राऊटरशेजारी, इन्व्हर्टरच्या मागे, जुना रास्पबेरी पाय होता. नवा आणला तेव्हा जुना काढायचा राहून गेला होता. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. तोही दर पाच मिनिटांनी त्याच मेलबॉक्सवर जाऊन हाताला लागेल ते उचलत होता, स्वतःच्या मेमरी कार्डावर ठेवत होता आणि होस्टिंगवरून पुसून टाकत होता. जो आधी पोचेल त्याला मेल मिळायचा. म्हणून हरवण्यात काही नियम दिसत नव्हता. नोकरी बदलताना वहिनीला आलेलं एक पत्र त्या कार्डावर पाच महिने पडून होतं. ते तिला दिलं तेव्हा ती रागावली नाही, आणि मला तेच जास्त लागलं.

तुमच्याकडे जुना पाय नसेलही. बाबांच्या जुन्या डेस्कटॉपवर पॉप३ ने लावलेलं खातं असेल, ज्यात 'प्रत सर्व्हरवर ठेवा' ही खूण नाही. कुणाच्या तरी जुन्या टॅबलेटवर असेल. एक खूण आधी मिळू शकते. पॉप३ मध्ये एक जण आत असताना मेलबॉक्सला कुलूप लागतं, त्यामुळे दोघे एकाच वेळी गेले तर फेचमेल दुसरं सत्र चालू असल्याची तक्रार लॉगमध्ये लिहितो. माझ्या लॉगमध्ये ती ओळ होती, मी ती नेटवर्कची किरकिर समजून सोडून दिली. ती सोडू नका.

मशीन शोधत घर पालथं घालण्याची गरज नाही. होस्टिंगवरचा पासवर्ड बदला आणि नवा फक्त एकाच मशीनला द्या. जे कुणी गुपचूप ओढत होतं ते त्या क्षणी बंद पडतं, आणि एखाद्या स्क्रीनवर पासवर्ड मागायला लागलं की ते कोण होतं तेही कळतं. जुन्या कार्डावरचे मेल परत देतानाही मजकूर उघडावा लागत नाही. मेलडिर या साठवणुकीच्या पद्धतीत प्रत्येक मेलची स्वतंत्र फाईल असते. प्रत्येक फाईलमधली 'एक्स-ओरिजिनल-टू'ची तेवढी ओळ वाचणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली, फाईल त्या त्या माणसाच्या 'न्यू' फोल्डरमध्ये ठेवली आणि तिची मालकी त्याच्या नावाची केली, की डोव्हकॉट ती आपोआप दाखवतो.

बरोबर पोचला, पण दिसत नाही

हे प्रकार लवकर सापडतात, त्यामुळे भरभर सांगते.

सीव्ह ही सर्व्हरवरच मेल वळवण्याचे नियम लिहायची भाषा. वहिनीने बँकेचे मेल दादाकडे वळवायचा सीव्ह नियम लावला आणि तिचे स्वतःचे मेल नाहीसे झाले. सीव्हमध्ये 'रीडायरेक्ट' केलं की मूळ प्रत ठेवली जात नाही, तसं मुद्दाम ठरवलेलंच आहे. सोबत 'कॉपी' जोडावं लागतं.

स्पॅम ओळखणाऱ्या स्पॅमअसॅसिनला सगळ्या घराचं मिळून एकच शिक्षण देऊ नका. दादाने विमा कंपन्यांच्या जाहिराती मन लावून स्पॅम म्हणून टाकल्या, आणि बाबांच्या पॉलिसीच्या हप्त्याची सूचना स्पॅममध्ये जायला लागली. प्रत्येकाचा शब्दसंग्रह वेगळा ठेवा. नव्या संग्रहाला २०० स्पॅम आणि २०० चांगले मेल दाखवेपर्यंत त्याचा अंदाज सुरूच होत नाही, तेवढा धीर धरा.

वीजबिलासाठी 'घर' असा सामाईक पत्ता असेल तर एकाने वाचलेला मेल दुसऱ्यालाही वाचलेलाच दिसतो. बाबा तो "आला नाही" म्हणतात, कारण ठळक अक्षरात दिसत नाही. आम्ही वाचून झाल्यावर पुन्हा 'न वाचलेला' करायची सवय लावली, आणि बिल भरलं की मगच तो दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवतो.

लाईट जाऊन आली की घड्याळ बघा. पाय ५ च्या आधीच्या रास्पबेरीत बॅटरीवर चालणारं घड्याळच नाही. इंटरनेट यायच्या आत तो मागच्याच वेळेवर उठतो, आणि तेवढ्यात आलेला मेल यादीत खाली, जुन्या मेलमध्ये जाऊन बसतो. फेचमेल वेळ जुळल्यानंतरच सुरू होईल असं लावून द्या.

आणि घरच्या सर्व्हरवरून जीमेलकडे मेल पुढे पाठवत असाल तर ते थांबवा. बँकेचा मेल आपल्या मशीनवरून पुढे गेला की तो बँकेच्या एसपीएफ यादीत (बँकेच्या नावाने मेल पाठवायची परवानगी असलेल्या सर्व्हरच्या यादीत) नसलेल्या ठिकाणाहून आलेला दिसतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पडताळणी कडक केली आहे, आणि असे मेल ५५० हा नकाराचा आकडा सांगून नाकारले जाऊ शकतात. त्यापेक्षा फोनमध्येच घरचं खातं आयमॅपने (मेल सर्व्हरवरच ठेवून वाचायच्या पद्धतीने), ९९३ पोर्टवर जोडा.

पाकिटावरचाच पत्ता चुकलेला

राहिला आईचा रिपोर्ट. लॉग सरळ होता. पाकिटावर आजीचाच पत्ता होता, आणि सर्व्हरने तो बिनचूक आजीला दिला होता. रोमन लिपीत 'आई' आणि 'आजी' यांत एकाच अक्षराचा फरक. लॅबच्या काउंटरवर आईने पत्ता तोंडी सांगितला, लिहिणाऱ्याने एक अक्षर जास्त ऐकलं. आजीने तो मेल उघडला, लाल रंगातले दोन आकडे वाचले, आणि दुपारभर कुणाशी बोलली नाही. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना आईने विचारलं तेव्हा तिने सांगितलं. आकडे विशेष काळजीचे नव्हते, पण आजीला ते कोण सांगणार होतं?

आपली नावं रोमनमध्ये लिहायची एक पद्धत नाही. दीर्घ अक्षराला कुणी एक 'ए' लावतं, कुणी दोन. 'व' कुणी एका अक्षराने लिहितं, कुणी दुसऱ्या. म्हणून प्रत्येकाच्या नावाची सुचतील ती सगळी रूपं उपनावं म्हणून त्याच्याच मेलबॉक्सला जोडा. मग ओळखू न आलेले मेल सरसकट कुणा एकाच्या पदरात टाकणारा नियम काढून टाका. तुमच्याकडे होस्टिंगवर वेगळे मेलबॉक्स असतील तर चुकलेला पत्ता होस्टिंगकडूनच परत जाऊ द्या. पाठवणाऱ्याला परत आलेला मेल दिसतो आणि तो फोन करतो. भलत्याच्या इनबॉक्समध्ये गेलेला मेल तसा कुणालाच कळत नाही.

आणि घरात दोघांचे पत्ते एकमेकांसारखे असतील तर एक बदलाच. टपाल खात्यालाही हेच करावं लागलं होतं. एकाच नावाची अनेक गावं आणि वेगवेगळ्या लिपींत लिहिलेले पत्ते यांतून वाट काढायला १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा आकडी पिनकोड सुरू झाला, आणि तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्याकडचेच, संस्कृतचे पंडित. आजीचा नवा पत्ता करताना मी तिलाच विचारलं काय ठेवू. तिने नावापुढे माहेरच्या गावचा पिनकोड घालायला सांगितला. तो तिला पाठ आहे, आणि लॅबच्या काउंटरवर ती तो एकेक आकडा सुटा करून सांगते.